फिशटेल पामची फळं: घड उतरवण्यापासून बी पेरण्यापर्यंत

फिशटेल पाम लावला की पहिली कित्येक वर्षं त्याचा काहीच त्रास होत नाही. पानं पुसा, वाळलेल्या झावळ्या छाटा, कुंडी बदला, हाताला काही लागत नाही. मग एका वर्षी फुलोरा येतो, वेणीसारखे लोंबते घड भरतात, फळं रंग धरू लागतात. इतकी वर्षं मुकाट उभं असलेलं झाड म्हणून माणूस ती फळं उघड्या हातांनी ओरबाडतो आणि बी काढायला बोटांत चिरडतो. थोड्याच वेळात हातांना सुया टोचल्यासारखं होतं. तोच हात कपाळाचा घाम पुसायला जातो, मग डोळे, मान, ओठ. घरातल्या लहान मुलाने फळ चावलेलं असेल तर गोष्ट आणखी गंभीर होते.

हे सगळं टळू शकतं. चुका ठरलेल्याच असतात: झाड नीट ओळखलेलं नसतं, कामाचा क्रम उलटा असतो, आणि काम संपल्यावर हातमोजे चुकीच्या पद्धतीने उतरवले जातात. म्हणून हा लेख क्रमानेच वाचा.

## १. आधी झाड नक्की कोणतं ते ठरवा

फिशटेल पाम म्हणजे कॅरियोटा. बागांत मुख्यतः दोन प्रकार दिसतात. कॅरियोटा युरेन्स, म्हणजे आपला भेरली माड किंवा सुरमाड, एकाच जाड खोडाचा आणि उंच. कॅरियोटा मायटिस बुंध्यातून फुटवे काढत बेटासारखा वाढतो. कुंडीत सहसा हाच असतो. उंची आणि घडाचा आकार वेगळा असला तरी फळांच्या बाबतीत दोघंही सारखेच त्रासदायक.

ओळखायची खूण सोपी आहे. इतर पामचं पान एक तर पंख्यासारखं असतं किंवा मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या असलेलं. फिशटेलमध्ये त्या दांड्याला आडवे उपदांडे फुटतात आणि पानोळ्या, म्हणजे पानाचे सुटे छोटे भाग, त्या उपदांड्यांवर असतात. प्रत्येक पानोळी तिरकी, त्रिकोणी, टोकाला कुरतडल्यासारखी. पामच्या सगळ्या कुळात असं दुहेरी विभागलेलं पान फक्त कॅरियोटाचंच, त्यामुळे इथे गोंधळाला फारसा वाव नाही.

खाजऱ्या फळांचे आणखी दोन पाम लक्षात ठेवा. एक अरेंगा. त्याच्या पानाची खालची बाजू चंदेरी-पांढुरकी असते आणि मोठ्या जातीच्या खोडावर काळे राठ तंतू असतात. दुसरा चामेडोरिया, म्हणजे घरात ठेवतात तो पार्लर पाम आणि बांबू पाम. चामेडोरियात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून फळं फक्त मादी झाडावर, तीही जवळ नर असला तर. फळं बारीक, पिकली की काळी, आणि दांड्या नारिंगी होतात. नारिंगीवर काळे मणी हे मुलांना हमखास भुलवणारं रूप. पानं निर्धोक आहेत म्हणून हा पाम बिनधास्त घरात ठेवतात आणि फळांकडे कोणाचं लक्ष जात नाही.

अरेका पाम (पिवळसर दांड्यांचा, झुबक्याने वाढणारा) या यादीत नाही. त्याला विनाकारण घराबाहेर काढू नका.

इशारा: सायकस, ज्याला बाजारात 'सागो पाम' म्हणतात, तो पाम नाहीच. त्याचा प्रश्न खाजेचा नसून खऱ्या विषाचा आहे. त्यातलं सायकेसिन हे द्रव्य यकृतावर घाला घालतं आणि त्याचं सर्वांत जास्त प्रमाण बियांमध्ये असतं. कुत्र्याने किंवा मुलाने सायकसचं बी चघळलं असेल तर पुढचे घरगुती उपाय करत बसू नका, थेट डॉक्टर किंवा पशुवैद्य गाठा. खोडाच्या टोकावर कडक, टोकदार पानांचं वर्तुळ आणि मधोमध लोकरीसारख्या लवेतल्या नारिंगी बिया किंवा उभा शंकू दिसला, तर ते सायकस.

फिनिक्स, म्हणजे खजुराच्या जातीच्या पामचा त्रास आणखी निराळा. त्यांच्या पानाच्या तळाशी लांब, टणक काटे असतात. काटा सांध्याजवळ घुसून आत तुटला तर सांधा आठवडेच्या आठवडे सुजलेला राहू शकतो. तिथे धुण्यापुसण्याने भागत नाही, तुकडा डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा लागतो.

तपासणी: पान दुहेरी विभागलेलं आहे का? खोड एक की अनेक? फळं आली आहेत, की अजून नुसता फुलोरा आहे? ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय करवत हातात घेऊ नका.

## २. नेमकं काय टोचतं

हा भाग थोडक्यात, पण तो कळला की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात.

फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. विशिष्ट पेशींमध्ये त्यांच्या जुड्या बांधलेल्या असतात, आणि फळ चिरडलं किंवा चावलं की त्या पेशी फुटून सुया बाहेर पडतात. त्या त्वचेत, जिभेत, घशाच्या आवरणात घुसतात. म्हणजे ही मुळात टोचण्याची इजा आहे. डिफेनबेकिया या घरात ठेवायच्या शोभेच्या झाडाचं पान चावल्यावर तोंड सुजतं ते याच प्रकारच्या सुयांमुळे.

यातून तीन गोष्टी निघतात. अख्खं, न फुटलेलं फळ जितकं सौम्य तितकं फुटलेलं नाही, म्हणून चिरडणं टाळायचं. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून पाण्याचा उपयोग वाहून नेण्यापुरता. बादलीत हात बुडवून ठेवल्याने काही साधत नाही. आणि फळ वाळलं तरी सुया तिथेच असतात, म्हणून झाडाखाली पडलेली वाळकी फळं हाताने वेचणं तितकंच वाईट.

कच्च्या हिरव्या फळातही हे स्फटिक असतात. 'अजून पिकलं नाही, आता तोडू' हा हिशोब इथे चालत नाही.

## ३. तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घड उतरवायला फार वेळ लागत नाही, पण तयारी अर्धवट असेल तर तेवढ्यातच घोटाळा होतो.

हातमोजे जाड रबराचे, मनगटाच्या वर कोपराकडे जाणारे. कापडी किंवा विणलेले हातमोजे नकोत; ते रस शोषतात आणि ओला गर दिवसभर त्वचेला चिकटवून ठेवतात. एका अर्थी ते उघड्या हातांपेक्षा वाईट. पातळ वैद्यकीय हातमोजे करवतीच्या कामात फाटतात. ते वापरायचेच असतील तर जाड मोज्यांच्या आत, दुसरा थर म्हणून.

हाताला तेल चोपडून काम करण्याची सवय अनेकांना असते. हातमोज्यांना तेल हा पर्याय नाही.

डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा लावा. तुम्ही वर बघत कापणार आणि रस खाली ठिबकणार, तेव्हा साध्या चष्म्याच्या कडेतून तो आत येतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, डोक्यावर टोपी, पायात बंद बूट. बाह्या हातमोज्यांच्या आत खोचायच्या की बाहेर ठेवायच्या? हात वर करून काम असेल तर बाही मोज्याच्या आत, नाहीतर रस दांडीवरून मोज्यावर ओघळून बाहीत उतरतो. हात खाली ठेवून बी धुण्याचं काम असेल तर बाही मोज्याच्या बाहेर.

हत्यारं: लांब दांड्याची करवत, जाड देठाला चालेल अशी छाटणीची कात्री, एक दोर. खाली अंथरायला जुनी ताडपत्री. घट्ट तोंडाच्या जाड पिशव्या. आणि फक्त याच कामासाठी बाजूला काढलेली एक बादली आणि एक चाळणी, जी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. चाळणी 'धुऊन परत ठेवू' असं म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. आधीच तिच्यावर रंगाने खूण करून टाका.

वाहतं पाणी हाताशी असायला हवं. नळाला जोडलेली पाइप किंवा तोटीचं पिंप, जिथे हातमोजे घातलेल्या हातानेही पाणी सुरू करता येईल. मुलं आणि पाळीव प्राणी घरात. एक माणूस सोबत, जो फळांना अजिबात हात लावणार नाही. त्याचं काम म्हणजे फोन उचलणं, दार उघडणं, तुमच्या कपाळावर घाम आला तर पुसणं.

तपासणी: हातमोज्यांत पाणी भरून बघा, कुठून गळत नाही ना. चष्मा लावून मान वर करा, तो घसरत नाही ना.

## ४. करवतीआधी हे वाचून ठेवा: रस लागला तर

बहुतेक ठिकाणी ही माहिती लेखाच्या शेवटी असते. हात जळायला लागल्यावर कोणी शेवटपर्यंत वाचत नाही, म्हणून ती इथे.

त्वचा. चोळू नका, खाजवू नका. चोळण्याने सुया आणखी खोल जातात आणि शेजारच्या जागेवरही पसरतात. आधी वाहत्या पाण्याखाली धरा, मग साबणाचा फेस हलक्या हाताने फिरवून पुन्हा पाणी. टॉवेलने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी ठेवल्याने आग कमी होते. काही तासांत उतार पडायला हवा. फोड आले, सूज वाढत गेली किंवा आग दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा. लिंबू किंवा व्हिनेगर लावल्याने हे स्फटिक विरघळून जात नाहीत. आधीच टोचलेल्या त्वचेला आम्लाची झोंब मात्र लागते.

डोळे. पापण्या उघड्या धरून स्वच्छ, कोमट किंवा साध्या पाण्याची सौम्य धार किमान १५ मिनिटं. घड्याळ लावा, कारण अंदाजाने पंधरा मिनिटं कधीच होत नाहीत. लेन्स राहिली असेल तर धुता धुता काढा. त्यानंतर बरं वाटलं तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. स्फटिक बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रुतलेला असू शकतो आणि तो आरशात दिसत नाही.

तोंड. उरलेला गर ओल्या कापडाने पुसून काढा. चूळ भरून थुंकायला लावा, पुन्हा पुन्हा. मग गार पाणी किंवा दूध घोटाघोटाने. मोठ्या माणसाने बर्फ चघळला तरी चालेल, लहान मुलाला तुकडा देऊ नका, घशात अडकतो. उलटी मुद्दाम काढायची नाही. खाली जाताना टोचलेल्या सुया वर येताना पुन्हा टोचतात.

लगेच रुग्णालय: जीभ किंवा घसा सुजणं, आवाज बसणं किंवा बदलणं, लाळ गिळता न येणं, श्वासाला घरघर. यातलं एक जरी दिसलं तरी 'थोडं थांबून बघू' नको. जाताना फळाचा तुकडा आणि पानोळी बंद पिशवीत घालून सोबत न्या, किंवा निदान फोटो. 'पामचं फळ' एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच बोध होत नाही.

कुत्र्या-मांजरांत खूण म्हणजे लाळ गळणं, पंजाने तोंड ओरबाडणं, खाणं टाकणं. तोंड पाण्याने धुवा आणि पशुवैद्यांना फोन करा. उदमांजरं आणि काही पक्षी हीच फळं खातात हे खरं, पण त्यावरून आपल्या कुत्र्यालाही ती पचतील असा निष्कर्ष काढू नका.

## ५. घड उतरवणं

खरं सांगायचं तर सर्वांत चांगला घड म्हणजे फळं धरण्याआधीच कापलेला. बी नको असेल तर फुलोरा आवरणातून बाहेर पडत असतानाच देठापाशी कापा. तेव्हा गर नसतो, वजन कमी असतं, आणि पुढचे सगळे टप्पे वाचतात. मुलांचा वावर असलेल्या अंगणात मी याखेरीज दुसरा सल्ला देणार नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: फुलोरा कापत राहिलं की झाड जगतं. तसं होत नाही. फिशटेलचं खोड आयुष्यात एकदाच फुलोऱ्याच्या टप्प्यात शिरतं. त्या वेळी शेंड्याची वाढ संपलेली असते आणि नवी पानं येणार नसतात. पहिला फुलोरा सर्वांत वर येतो, मग दरवेळी त्याच्या खाली एक, असं करत काही वर्षांत फुलोरे खाली उतरतात आणि खोड मरतं. कापल्याने फळं टळतात, खोडाचं मरण टळत नाही. मायटिसमध्ये फक्त तेवढं खोड जातं, बाजूचे फुटवे पुढे वाढतात. युरेन्समध्ये झाडच संपतं.

या वरून खाली येण्याच्या क्रमामुळे एकाच झाडावर एकाच वेळी वर पिकलेला घड, मध्ये हिरवा आणि खाली ताजा फुलोरा असू शकतो. म्हणून कापताना क्रम असा:

१) झाडाखालची जागा मोकळी करून ताडपत्री अंथरा. तिच्या कडा विटांनी थोड्या उचलून ठेवा म्हणजे फळं बाहेर घरंगळत नाहीत.

२) हाताच्या उंचीवरचा खालचा फुलोरा किंवा हिरवा घड आधी काढा. तो वाटेत राहिला तर वरून पडणारा पिकलेला घड त्यावर आपटून फुटतो.

३) पिकलेल्या घडाच्या देठाला दोर बांधून दुसरं टोक सोबत्याच्या हाती द्या. त्याने बाजूला उभं राहायचं, घडाखाली नाही. भरलेला घड दिसतो त्यापेक्षा पुष्कळ जड असतो.

४) देठ खोडाला टेकतो तिथून थोडं पुढे कापा. स्वतः घडाच्या सरळ रेषेत उभं राहू नका, एका पावलाने बाजूला सरका. दोर ढिला सोडत घड हळू खाली आणा. धाडकन पाडलेल्या घडातली निम्मी फळं फुटतात आणि शिंतोडे पायांवर येतात.

५) घड ताडपत्रीवर टेकला की तिथेच पिशवी त्यावर उलटी चढवा, तोंड बांधा, मग उचला. फळं सोलून वेगळी करायचा मोह आत्ता नको.

इशारा: जवळून विजेच्या तारा जात असतील तर धातूच्या दांड्याची करवत अजिबात वापरू नका. घड हाताच्या आणि दांड्याच्या टप्प्याबाहेर असेल तर खोडाला शिडी टेकवून चढण्यापेक्षा झाडावर चढून काम करणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा, आणि फळांच्या रसाबद्दल त्याला आधी सांगा. झाडं छाटणाऱ्या सगळ्यांनाच ही गोष्ट माहीत असते असं धरून चालू नका.

नेहमीची चूक: शेंडा छाटणं. बागेतल्या इतर झाडांची सवय म्हणून पामचा शेंडा उडवला जातो. पामच्या खोडाला वाढीचा कोंब एकच असतो, तो गेला की ते खोड गेलं.

## ६. जमिनीवर पडलेली फळं

काम सोपं, म्हणून इथेच निष्काळजीपणा होतो. फळं लांब दांड्याच्या खराट्याने किंवा पंजाने ओढून फावड्यावर घ्या. गवतात रुतलेली हाताने उपटू नका, चिमट्याने उचला. पानं उडवणारं यंत्र किंवा गवत कापायचं यंत्र पडलेल्या फळांवरून फिरवू नका. ती भुगा होऊन अंगावर उडतात. अनवाणी चालू नका. बुटांचे तळवे बाहेरच धुवा, नाहीतर चिकटलेला गर घरभर पसरतो.

फळं गळत राहतात, त्यामुळे घड पूर्ण उतरेपर्यंत हे रोज करावं लागतं. ते जमणार नसेल तर घडच लवकर काढा.

## ७. बी काढणं

सर्वांत जास्त हात इथे भाजतात, आणि कारण एकच: घाई. ताजं फळ बोटांत दाबलं की बी टुणकन बाहेर येतं, ते पाहून मजा वाटते आणि माणूस बादलीभर फळं तशीच दाबत बसतो. ही पद्धत पूर्णपणे सोडा.

फळं पूर्ण रंगलेली असतील तरच बी घ्या. कच्च्या फळातलं बी उगवण्याची आशा कमी. एका फळात सहसा एक किंवा दोन बिया निघतात.

पहिला दिवस. पिशवीतला घड बादलीवर धरून, आडव्या काठीने दांड्यांवरून फळं ओरपून पाडा. हातमोजे, चष्मा सगळं अंगावर हवं. फळं बुडतील एवढं पाणी घाला, झाकण ठेवा, आणि बादली मुलांच्या हाती लागणार नाही अशा उबदार जागी ठेवा.

पुढचे दोन-तीन दिवस. पाणी रोज बदला. गर आंबतो, मऊ पडतो, बीपासून सुटू लागतो. वास येतो आणि तो येणारच. पाणी बदलताना बादली झटक्यात उलटी करू नका, चाळणीतून संथपणे ओता. ते पाणी बेसिनमध्ये किंवा न्हाणीत न टाकता मातीतल्या खड्ड्यात ओता.

घासणं. साल सहज निसटायला लागली की फळं चाळणीत किंवा जाळीवर घ्या, मूठभर जाड वाळू टाका आणि लाकडी ठोकळ्याने गोल फिरवत घासा. हाताच्या तळव्याने नाही, हातमोजे असले तरी नाही. वाळूने मोजे झिजतात आणि भोक पडल्याचं कळतसुद्धा नाही. फळं जास्त असतील तर ती बादलीत वाळूसकट घेऊन गमबूट घालून तुडवता येतात. रोपवाटिकांत याच कामाला खडी घालून काँक्रीट मिक्सर फिरवतात. घरचा मिक्सर मात्र नको: बी फुटतं आणि भांड्याच्या फटींमध्ये गर अडकून राहतो.

पाइपची धार हलकी ठेवा. जोराच्या फवाऱ्याने काम लवकर होतं खरं, पण तेच तुषार तुमच्या गळ्यावर बसतात. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा.

घासणं, धुणं, पुन्हा घासणं. साधारण तिसऱ्या फेरीला बी स्वच्छ होतं.

तपासणी: एक बी जुन्या खरखरीत कापडावर घासून बघा. कापडाला बुळबुळीत काही चिकटलं तर अजून एक फेरी. मग एखादं बी पक्कडीत धरून फोडा. आत भरीव आणि घट्ट असेल तर ठीक, पोकळ किंवा काळं पडलेलं असेल तर त्या घडातल्या आणखी काही बिया फोडून बघा, मगच पेरायचं ठरवा.

धुतलेल्या बिया सावलीत पसरून वरवर कोरड्या होऊ द्या. उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवायचं हे बी नाही. पामचं बी फार वाळलं की उगवण्याची शक्ती गमावतं. आठवड्याभरात पेरणार नसाल तर किंचित ओलसर कोकोपीटमध्ये घालून पिशवीत ठेवा.

## ८. अंगावरचं उतरवायचा क्रम

काम नीट पार पाडूनही शेवटी त्रास होतो तो इथे. आधी मोजे ओढून काढायचे आणि मग त्याच हातांनी चष्मा उतरवायचा, हा सगळ्यांचा नेहमीचा क्रम. चष्म्याच्या काचेवर उडालेला रस मग उघड्या बोटांना लागतो आणि तिथून डोळ्यांना.

१) हातमोजे हातात असतानाच साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्यांसकट.

२) धुतलेल्या मोज्यांनीच हत्यारं, बादली, चाळणी आणि बूट धुवा.

३) सोबत्याला चष्म्यावर आणि टोपीवर पाणी ओतायला सांगा, डोळे मिटून घ्या. मग चष्मा मागच्या पट्ट्याला धरून पुढे उचला.

४) शर्ट डोक्यावरून ओढून काढू नका. बटणं उघडून बाह्या मागे सोडा, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळा. यासाठीच बटणाचा शर्ट हवा, टी-शर्ट नको.

५) हातमोजे सगळ्यात शेवटी, मनगटाच्या कडेने उलटे करत काढा.

६) हात वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, मग अंघोळ. डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटलेले असू द्या.

कपडे वेगळे धुवा. जेवणापूर्वी नखांखाली एकदा बघा.

## ९. कचरा

फुटलेली फळं आणि गर हाताने वरखाली कराव्या लागणाऱ्या कंपोस्टमध्ये टाकू नका. महिन्याभराने कोणीतरी उघड्या हाताने ते ढवळणार, आणि राहिलेल्या बिया उगवणार ते वेगळंच. दोन मार्ग बरे: माणसांचा वावर नसलेल्या कोपऱ्यात हातभर खोल पुरणं, किंवा दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात देणं. पिशवीवर 'खाजरी फळं, उघडू नका' असं लिहा, कारण कचरा वेगळा करणाऱ्या माणसाच्या हातात मोजे असतीलच असं नाही. नुसत्या झावळ्या आणि पानं नेहमीसारखी कंपोस्टला गेली तरी हरकत नाही.

## १०. पेरणी

पाण्याचा चांगला निचरा होणारं हलकं मिश्रण, कुंडी खोल. अंकुर आधी खाली उतरतो, म्हणून उथळ ट्रेमध्ये पेरलेली रोपं पुढे हलवताना मोडतात. बी सेंटिमीटरभर खोल ठेवा. मिश्रण ओलसर हवं, चिखल नको. २७ ते ३२ अंश सेल्सिअसच्या उबेत उगवण बरी होते. तरीही कित्येक महिने लागू शकतात, आणि एकाच घडातल्या बिया एकाच वेळी वर येत नाहीत. चार रोपं आली म्हणून बाकीची माती फेकून देण्याची चूक करू नका.

रोपं हाताळायला सोपी असतात, त्यांना या सगळ्या चिलखताची गरज नाही. दुसऱ्याला रोप देताना मात्र कुंडीत एक पट्टी खोचा. तिच्यावर झाडाचं नाव लिहा आणि त्याखाली पुसली न जाणाऱ्या शाईने: 'पहिला फुलोरा दिसताच देठापाशी कापा. फळांना उघडा हात लावू नका.'